दहा टक्के, चार अंश

कारखान्यात येणाऱ्या जिलेटिनच्या पोत्यावर ब्लूमचा, म्हणजे ते जमल्यावर किती घट्ट होतं याचा आकडा छापलेला असतो आणि तो खरा आहे की नाही हे बघणं हे माझं काम. ६.६७ टक्क्यांचं द्रावण करायचं, १० अंश सेल्सियसला सोळा ते अठरा तास जमू द्यायचं आणि मग १२.७ मिलिमीटर व्यासाचा सपाट दट्ट्या त्यावर टेकवायचा. तो ४ मिलिमीटर आत जायला जेवढे ग्रॅम भार लागेल, तेवढा ब्लूम. ऑस्कर ब्लूम नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९२५ साली या यंत्राचं पेटंट घेतलं. मऊ कॅप्सूलचं कवच १५० ते २०० ब्लूममध्ये भागतं. मुलं चघळतात त्या अस्वलाच्या आकाराच्या गोळ्यांना २०० च्या वर लागतं. आणि बंदुकीची गोळी अंगात किती आत जाईल हे मांसाऐवजी जिलेटिनच्या ठोकळ्यावर झाडून बघणारे लोक जे जिलेटिन मागवतात ते २५० ब्लूमचं, डुकराच्या कातडीपासून आम्लाच्या प्रक्रियेने काढलेलं. हे शेवटचं मला नोकरीत कुणी शिकवलं नाही. ते भाच्यामुळे कळलं.

भाचा नववीत आहे आणि एअर रायफल शिकतो. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या घराघरातून एकेक मूल नेमबाजीला जायला लागलंय असं वाटतं. एका संध्याकाळी पोहे खाता खाता तो म्हणाला, “मावशी, हा छर्रा माणसाला लागला तर किती आत जाईल गं?” सरांनी ‘नळीचं तोंड कधीही माणसाकडे नको’ हे शंभरदा बजावलेलं. पण या मुलांच्या डोक्यात एअरगन म्हणजे जत्रेतली फुगे फोडायची बंदूक. कायदाही त्यांच्याच बाजूचा वाटतो: शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंचांपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. परवाना लागत नाही म्हणजे धोका नाही, असा हिशेब मुलंच काय, त्यांना वर्गाला सोडायला येणारे बाबालोकही करतात.

मला उत्तर देता आलं नाही. पुण्यात जन्म काढलेल्या बाईला हा प्रश्न आधी कधी पडला नाही, याचंच मग नवल वाटलं. खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासून आहे. इंग्रजांच्या काळातल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर तिची ‘केएफ’ ही अक्षरं ठोकलेली असत. भोसरीला कामावर जाताना मी त्याच खडकीतून जाते. तिथेच हाय एक्सप्लोझिव्ह फॅक्टरी, पाषाणला एआरडीई आणि सुतारवाडीला एचईएमआरएल या संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा. आमच्या लहानपणी प्रत्येक सोसायटीत एखाददुसरे काका ‘डिफेन्समध्ये’ असत. “काका, तुम्ही तिकडे काय करता?” म्हटलं की “काही नाही गं, फायली” एवढंच. त्यांच्या मुलांनाही त्याहून जास्त माहीत नसे. दीडशे वर्षं ज्या गावात काडतुसं भरली जातायत, तिथल्या आम्हा लोकांना गोळी अंगात शिरल्यावर काय करते हे कधी बघावं लागलं नाही. ते लष्करातल्या डॉक्टरांनी आणि शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्यांनी बघायचं. सोयीची वाटणी आहे.

ज्यांना बघावं लागलं त्यांनीच जिलेटिन हाताशी धरलं. (आपल्याकडे जिलेटिन म्हटलं की विहिरी फोडणाऱ्या कांड्या आठवतात. आईलाही तेच आठवलं आणि घरात थोडा वेळ फार गंभीर वातावरण झालं. या लेखातलं जिलेटिन खाण्याचं.) बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांना १९०९ चं नोबेल मिळालं ते थायरॉइडच्या कामासाठी, पण त्याआधी त्यांनी पाण्याने भरलेल्या डब्यांवर आणि जिलेटिनवर गोळ्या झाडून जखम कशी होते ते तपासलं होतं. सैनिक मरू नये, लढण्यापुरता बाद व्हावा, अशी गोळी करता येईल का, हा त्यांचा शोध. १८९० च्या दशकात इकडे कोलकात्याजवळ दमदमच्या कारखान्यात टोक उघडं ठेवलेली, अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी तयार होत होती. १८९९ च्या हेग परिषदेने ती युद्धातून बाद केली, पण दमदमचं नाव जगभरच्या भाषांत राहिलं. पुढे १९०४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या थॉम्पसन आणि ला गार्ड या दोघांनी पिस्तुलाच्या गोळ्या पारखायला प्रेतं घेतली आणि शिकागोच्या कत्तलखान्यातली जिवंत गुरं घेतली. किती गोळ्यांनी कुठलं जनावर कोसळलं याची नोंद ठेवली. त्या नोंदींवरून .४५ व्यासाची शिफारस झाली. मोजमापाच्या धंद्यातली मी, पण हे मोजमाप माझ्या पचनी पडत नाही. नुसतं क्रूर आहे म्हणून नव्हे. एक बैल दुसऱ्या बैलासारखा नसतो, गोळी एकदा फासळीला अडते, एकदा अडत नाही. एवढा जीव खर्ची घालून हाती आलेला आकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळेल याची हमीच नाही.

ती हमी ज्यांनी आणली ते मार्टिन फॅकलर. व्हिएतनाम युद्धात दा नांगला शल्यचिकित्सक होते. वेगवान गोळ्यांच्या जखमांचं पुस्तकातलं वर्णन त्यांना समोरच्या टेबलावर दिसेना. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला लष्कराच्या लेटरमन संशोधन संस्थेत त्यांनी जखमांची प्रयोगशाळा सुरू केली आणि जुळवून दाखवलं, की १० टक्के जिलेटिन ४ अंशांवर ठेवलं तर गोळी त्यात जेवढी जाते साधारण तेवढीच जिवंत डुकराच्या मांडीच्या स्नायूत जाते. नाटोचे लोक २० टक्के आणि १० अंश वापरत. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, आणि ‘अमुक गोळी इतकी इंच गेली’ असं कुणी सांगितलं की आधी हेच विचारायला हवं: कुठल्या जेलमध्ये?

भाच्याच्या प्रश्नासाठी असाच ठोकळा घरी करून त्यावर छर्रा झाडून बघायचं ठरलं, तेव्हा पहिली अडचण शास्त्राची नव्हती, ओट्याची होती.

“हाडांचं ते माझ्या पातेल्यात शिजवायचं नाही,” आई म्हणाली.

“शिजवायचं नाहीच आहे, आई. चाळीस अंशांच्या वर न्यायचंच नाही.”

“कोमटसुद्धा नाही.”

आईचं चुकत नाही. आपल्याकडे मिळणारं जिलेटिन बहुतेक गुरांच्या हाडांचं असतं. हाडं आम्लात मऊ करून चुन्याच्या निवळीत कित्येक आठवडे मुरवतात, मग त्यातून काढतात. तू रोज सकाळी जी कॅप्सूल घेतेस तिचं कवचही त्याचंच, हे मी बोलून गेले आणि लगेच पस्तावले, कारण मग दोन दिवस तिने ती कॅप्सूल उघडून नुसती पावडर पाण्यातून घेतली. “चायना ग्रास घे की त्यापेक्षा, उपासालाही चालतं,” हा तिचा तोडगा. ऐकायला शहाणपणाचा आहे आणि करून बघण्यासारखाही, म्हणून मी छोटा ठोकळा त्याचाही लावला. चायना ग्रास समुद्री शेवाळाचं. जमतं झकास, पुण्याच्या उन्हातही विरघळत नाही, पण ते ठिसूळ असतं. दाबलं की ताणलं न जाता तडकतं. जिलेटिन मूळचं कोलॅजन, म्हणजे आपल्या कातडीचा, स्नायूंवरच्या आवरणाचा तोच धागा. गरम केल्यावर त्याचा तिपेडी पीळ सुटतो, थंड झाल्यावर जागोजागी पुन्हा पडतो, आणि त्या पिळांमुळे ते ताणलं जाऊन परत येतं. मांसाचा गुण मांसाच्याच धाग्यात मिळाला यात खरं तर आश्चर्य नाही. पण एकादशीच्या डब्यातला पदार्थ या कामी चालला असता तर मला फार आवडलं असतं.

शेवटी तह झाला. बाल्कनीत इंडक्शनची शेगडी, भांड्यांसाठी जुन्या बाजारातून आणलेलं स्टीलचं पातेलं, आणि फ्रिजमध्ये ठोकळा ठेवायचा तो संकष्टी उलटल्यावर, दह्यापासून लांब, खालच्या कप्प्यात.

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला बेकरीचं सामान मिळतं तिथे जिलेटिन मिळालं. त्याचा ब्लूम मी कामावर तपासला. २५० च्या जवळ निघाला. कृती अशी. ४०० ग्रॅम पावडर, ३.६ लिटर पाणी. दोन्ही वजनकाट्यावर मोजून, वाटी-भांड्याने नाही. पाणी फ्रिजमधलं गार. पावडर पाण्यावर भुरभुरायची, पाणी पावडरीवर ओतायचं नाही, नाहीतर वरून ओल्या आणि आतून कोरड्या गाठी होतात आणि त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत. दोन तास फ्रिजमध्ये फुगू द्यायचं. मग पातेलं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून हलक्या हाताने ढवळत ४० अंशांपर्यंत न्यायचं. हा फॅकलर यांचा दंडक. उकळलं तर धागे तुटतात आणि २५० चं जिलेटिन जमून कमी ब्लूमचं होऊन बसतं. ढवळताना हवा जाऊ द्यायची नाही. तरीही फेस येतोच, तो चमच्याने काढायचा. दालचिनीच्या तेलाचे चार थेंब टाकायचे, फेस बसतो आणि ठोकळा लवकर नासत नाही. हाडांचा मंद वास आणि वर दालचिनी, असा काहीतरी विचित्र दरवळ बाल्कनीत सुटला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, केक का?

मग चौकोनी डब्यात ओतायचं आणि ४ अंशांवर निदान छत्तीस तास. घरच्या फ्रिजला ४ अंश म्हणजे नेमके किती हे माहीत नसतं. आत पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर उभा करून ठेवला तेव्हा कळलं की तो दार उघडलं की चढतो, दुपारी एक आणि पहाटे एक दाखवतो. शिवाय आमच्याकडे गुरुवार. दुरुस्तीसाठी वीज जाते ती कधी तासाने येते, कधी संध्याकाळी. म्हणून जमवायचं ते शुक्रवारी आणि तेही जानेवारीत. मे महिन्यात हा उद्योग पुण्यात करूच नये. जिलेटिन तिशीच्या थोडं वर वितळतं, कोथरूडहून बालेवाडीपर्यंत नेताना डब्यात पिवळं पाणी उरेल.

ठोकळा डब्यातून निघाला तो खरवसासारखा थरथरत. मधासारखा पिवळसर, आरपार दिसणारा पण पूर्ण स्वच्छ नाही. थर्मासच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये गुंडाळून आम्ही तो भाच्याच्या सरांकडे नेला. सरांनी वर्ग संपल्यावर, लेन रिकामी करून, मागे लोखंडी छर्रापेटी ठेवून परवानगी दिली. रायफल त्यांनी स्वतः हातात घेतली. भाचा मागे, डोळ्यांना चष्मा. ०.५३ ग्रॅमचा शिशाचा छर्रा, सपाट तोंडाचा, स्पर्धेत कागदावर गोल भोक पाडणारा. क्रोनोग्राफ सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेग दाखवत होता. म्हणजे साडेसात ज्यूल, परवान्याच्या मर्यादेच्या निम्म्यालाही नाही.

आवाज नेहमीचाच, कागदावर होतो तेवढा. ठोकळा किंचित हलला. आत एक बारीक रेघ आणि तिच्या टोकाला करडा ठिपका. चार बोटांहून खोल. एकामागून एक झाडलेले छर्रे फार तर अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने एकाच खोलीवर थांबले आणि मला कामावर होतो तसा आनंद झाला, हे लपवत नाही. मग भाच्याची जुनी जीन ठोकळ्यावर बांधली. छर्रा थोडा कमी गेला, पण निळ्या सुताचे तुकडे आत ओढून घेऊन गेला. ते मी सुरीने कापून बाहेर काढले. जिच्या पगाराचा अर्धा भाग जंतू मोजण्याचा आहे तिला ते सूत छर्र्यापेक्षा जास्त भ्यायला लावतं. गोळी नळीतून तापून निघते म्हणून निर्जंतुक असते अशी एकेकाळी डॉक्टरांचीही समजूत होती. वर आलेल्या त्याच ला गार्डने १८९० च्या दशकात ती खोटी ठरवली.

भाच्याने पट्टी घेतली. ठोकळ्यातली खोली मोजली, मग स्वतःच्या मनगटाची जाडी मोजली, मग दंडाची. काही बोलला नाही. सरांनी अर्धा ठोकळा मागून घेतला, नव्या बॅचला पहिल्या दिवशी दाखवायला. शंभरदा सांगण्यापेक्षा बरं, म्हणाले.

पण इथे माझा हात अडतो. ‘छर्रा माणसात चार बोटं जातो’ असं मी लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. ठोकळ्याला कातडी नाही. कातडी हट्टी असते. असा छर्रा तिच्यातून जायला सेकंदाला साधारण १०० मीटरचा वेग लागतो, त्याखाली तो आपटून पडतो, आणि वेग जास्त असला तरी कातडी आपला वाटा काढून घेतेच. ठोकळ्यात हाड नाही, फुप्फुस नाही. आणि मुख्य म्हणजे आमचा ठोकळा अजून ठोकळाच झालेला नाही.

कारण एक परीक्षा राहिली. प्रयोगशाळेत जिलेटिन जमलं की त्यावर आधी खरी गोळी झाडत नाहीत. ४.५ मिलिमीटरची स्टीलची बारीक गोळी सेकंदाला १८० मीटर वेगाने सोडतात. ती साडेआठ सेंटिमीटर गेली, फार तर एखादा सेंटिमीटर इकडे-तिकडे, तर ठोकळा खरा. जास्त गेली तर जेल मऊ, कमी गेली तर कडक, आणि दोन्ही वेळा त्यावरचं पुढचं सगळं काम फुकट. पावडरीचा ब्लूम, पाण्याचा भाग, फ्रिजचा लहरीपणा, ढवळणाऱ्याची घाई, हे सगळं त्या एका गोळीत तपासून होतं. ती गोळी आम्हाला झाडता आली नाही. स्पर्धेच्या रायफलच्या नळीत आटे असतात, त्यांत शिसं रुतून फिरत जातं. स्टील घातलं तर आटेच झिजतील. सरांनी हात जोडले, आणि बरोबर केलं. मी त्याऐवजी एक ठोकळा मुद्दाम बाहेर ठेवला, सगळ्यांची जेवणं होईपर्यंत. तेच जिलेटिन, तोच छर्रा, तोच वेग, पण छर्रा चांगलाच खोल गेला. वरून बघायला दोन्ही ठोकळे सारखे.

हल्ली स्लो मोशनमध्ये दिसणारे ठोकळे बघताना म्हणून मला चीड येते. ते बहुतेक जिलेटिनचे नसतातच. खनिज तेलात रबरासारखं पॉलिमर घालून केलेलं काचेसारखं जेल असतं. फ्रिज नको, नासत नाही, वितळवून पुन्हा ओतता येतं. सोयीचं आहे, मान्य. पण त्यात गोळी किती जाते याचा आणि फॅकलर यांच्या ४ अंशांचा परस्पर संबंध कुणी सांगत नाही. दिसतं मात्र भव्य. गोळी शिरते, जेल फुटबॉलएवढं फुगतं, आत कधी ज्वाळाही चमकते, म्हणजे तेलाची वाफ मिटत्या पोकळीत दाबली जाऊन पेटते. आणि बघणारा म्हणतो, बापरे, एवढी जखम. ती जखम नव्हे. फुगणं क्षणभराचं. स्नायू, फुप्फुस यांसारखे ताणले जाणारे अवयव त्यातून बरेचसे सावरतात, यकृत आणि मेंदू नाही सावरत. गोळीने स्वतः चिरडत नेलेली वाट ही कायमची, आणि ती दिसायला अगदीच किरकोळ असते. फॅकलर आयुष्यभर याच गोष्टीवर भांडले.

किरकोळ दिसणाऱ्या त्या खोलीवर किती अवलंबून असतं हे मायामीत ११ एप्रिल १९८६ ला कळलं. एफबीआयच्या एजंटांनी दोन दरोडेखोर गाठले. त्यांतल्या एकाला सुरुवातीलाच लागलेली ९ मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो लढत राहिला. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनमधली कसोटी ठरवली: निदान १२ इंच, फार तर १८, कधी उघड्या ठोकळ्यावर, कधी कपड्यांतून, पत्र्यातून, काचेतून. अनेक ठिकाणच्या पोलिसांच्या गोळ्या आज या आकड्यांभोवती फिरतात. गोळी जास्त चांगली मारायला शिकली, हेही त्या पिवळ्या ठोकळ्याचंच देणं आहे. कोखर यांना हवं होतं त्याच्या अगदी उलट. मी हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग आपण हे चांगलं करतोय की वाईट?” मी म्हटलं, आपण शाळेचा प्रकल्प करतोय.

तो खरंच करत होता. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठोकळ्याचे फोटो आणि कापलेला एक तुकडा ठेवायचं बाईंनी मान्य केलं, रायफलचा फोटो नको या अटीवर. तक्ता मी तपासला. वरती मोठ्या लाल अक्षरांत ‘एअरगन माणसात किती खोल जाते?’ ते खोडायला लावलं. त्याजागी ‘१० टक्के जिलेटिनमध्ये ४.५ मिमी छर्रा’. खाली ओळीने ब्लूम, वजन, पाणी, किती तास, थर्मामीटरने दाखवलेला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा, छर्र्याचा वेग. आणि शेवटची ओळ: स्टीलच्या गोळीची चाचणी, केलेली नाही.

“ती कशाला लिहायची? परीक्षक तेवढंच वाचतील आणि मार्क कापतील.”

“कापू देत.”

“मावशी, बाकी कुणीच असं लिहीत नाही. शेजारच्या वर्गाचा ज्वालामुखी आहे, त्यांनी लिहिलंय का खरा नाही म्हणून?”

बराच वेळ घासाघीस झाली. आई मध्ये पडली आणि तिने, हाडांचा सगळा राग विसरून, माझी बाजू घेतली. ओळ राहिली. फक्त त्याने ती लिहिली सगळ्यात बारीक अक्षरांत, पिवळ्या पेनने.